सेल्फ डायरेक्ट मारण्याआधी

भिवंडीच्या गोदामांत माल पोचवणारा टेम्पो दिवसभर थांबत-निघत असतो. मानकोलीला माल भरा, काल्हेरला अर्धा उतरवा, पूर्णाला बाकीचा. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद आणि निघताना पुन्हा सेल्फ. मधल्या छोट्या फेऱ्यांत बॅटरी पुरती चार्ज होत नाही. म्हणूनच ऑटो इलेक्ट्रिकच्या माझ्या कामात निम्म्या तक्रारी सेल्फच्याच असतात.

मागच्या पावसाळ्यात एका गोदामाच्या फलाटाला पाठ लावून उभा असलेला टेम्पो सुरू होईना. मी शेजारच्या गाडीखाली होतो. कुणीतरी म्हणालं, ‘सेल्फ डायरेक्ट मार.’ ड्रायव्हर चावी ऑन करून खाली वाकला आणि त्याने सेल्फच्या दोन टर्मिनलांवर मोठा स्क्रू ड्रायव्हर आडवा धरला. ठिणगी उडाली, इंजिन फिरलं आणि गाडी पुढे निघाली. उतारावर घसरू नये म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती. चाकाला दगड लावायला बसलेल्या हेल्परच्या पावलावरून टायर गेला. हाडं मोडली, तो महिनोन्‌महिने घरी बसून होता.

हे का घडतं, ते प्रत्येक चालकाला माहीत हवं. चावी फिरवली की बारीक वायरीतून थोडा करंट सोलेनॉइडला जातो. आतला लोखंडी दांडा खेचला जातो आणि एका दमात दोन कामं करतो: बेंडिक्सचा छोटा गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि तांब्याचा जाड संपर्क जोडतो. मग बॅटरीचा शेकडो अँपिअरचा करंट थेट मोटरमध्ये येतो. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याची सोय ज्या गाड्यांत असते, ती त्या बारीक वायरीतच असते. स्क्रू ड्रायव्हर लावला की ही राखण बाजूला पडते. गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलला, हे सेल्फला कळत नाही. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ आला, तेव्हा इंजिन फिरवायच्या हँडलच्या उलट फटक्याने मनगटं मोडणं थांबू लागलं. त्याच सेल्फने आता पाय मोडावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

खरं तर सेल्फचा आवाज ऐकला तरी बिघाड कुठे आहे ते बरंच कळतं. टक-टक-टक असं भराभर वाजलं तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच ‘टक’ होऊन शांतता पसरली तर आधी टर्मिनल आणि अर्थिंग बघा. पावसाळ्यात तिथे पांढरी-हिरवी बुरशी धरते. मगच सोलेनॉइडचा संपर्क किंवा मोटरचे कार्बन. काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, क्लच-स्विच. मोटर घुर्र फिरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतोय.

मीटर असेल तर गाडी बंद असताना पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. त्या टेम्पोची नंतर मी तपासणी केली: बॅटरी ठीक होती, सोलेनॉइडच्या बारीक वायरीचं टर्मिनल सैल होतं. पाना लावून ते आवळलं आणि गाडी चावीवर सुरू झाली.

बॅटरीची टर्मिनलं काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर मोटर जळते. आणि क्लच-स्विच खराब झाल्यावर मिस्त्री म्हणाला, ‘दोन वायरी पिळून देतो, चालेल,’ तर त्याला साफ नाही म्हणा आणि नवा स्विचच टाकून घ्या.