डॅशकॅम घेताना आधी बॅटरीचं विचारा

मागून धडक बसली की चूक मागच्याचीच, हे आपल्याकडे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. पुढची गाडी रिव्हर्स आली असेल, हे कुणी ऐकूनसुद्धा घेत नाही. डॅशकॅम मी त्याचसाठी बसवला होता.

साताऱ्याहून पुण्याला येताना टोलनाक्याच्या रांगेत माझी गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला. पुढच्या एसयूव्हीचा फास्टॅग स्कॅन होईना. त्या गृहस्थाने शेजारच्या लेनमध्ये घुसायला रिव्हर्स टाकला, मी हॉर्न दाबून धरलेला असताना माझं बॉनेट चेपलं आणि खाली उतरला तो बोट रोखूनच. "ताई, गाडी शिकताय का? उभ्या गाडीला ठोकता?" शेजारी बसलेल्या आईने सगळं पाहिलं होतं. ती बोलायला लागली तर म्हणाला, "आजी, तुम्ही आत बसा." इंजिन बंद करून मी काचेवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि चौकीत चला म्हटलं. तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

चौकीत कार्ड लॅपटॉपला लावलं. रांगेत शिरतानाची फाइल होती, पण तिच्यावर तारीख १ जानेवारीची. त्यापुढची, म्हणजे धडकेची फाइल शून्य केबी. पुन्हा पुन्हा क्लिक केलं, उघडेना. "मॅडम, यात मी काय बघू?" हवालदारसाहेबांनी विचारलं. तो माणूस खुर्चीत रेलून हसत होता. ते हसू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

झालं होतं ते असं. इंजिन बंद झालं की कॅमेऱ्याची वीज तुटते. चालू फाइल नीट बंद करायला लागणारी काही सेकंदांची वीज आतली छोटी लिथियम बॅटरी देते. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळही तिच्यावरच चालायचं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेला चिकटलेली ती बॅटरी भाजून निघते आणि फुगते. माझ्या कॅमेऱ्याच्या झाकणाला नख जाईल एवढी फट पडली होती. दुकानदार म्हणाला, "उन्हात गाडी लावली की असं होणारच, वॉरंटीत बसत नाही." विकताना याच माणसाने "एकदा लावा आणि विसरून जा" म्हणून सांगितलं होतं. काचेवर लावायची वस्तू ऊन सोसत नसेल तर ती विकूच नये.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आत बॅटरी आहे की सुपरकॅपॅसिटर? सुपरकॅपॅसिटर उष्णता कितीतरी जास्त सोसतो. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

बॉक्सवरच्या 'फोर-के'वर जाऊ नका. खऱ्या फोर-केला ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल लागतात. सोनीचा आयएमएक्स ३३५ सेन्सर चांगला आहे, पण तो ५ मेगापिक्सेलचाच. त्यावर फोर-के लिहिलं असेल तर चित्र नुसतं ताणलेलं असतं. त्यापेक्षा रात्रीची क्लिप मागा आणि समोरून हेडलाइट आल्यावर नंबरप्लेट वाचता येते का ते बघा.

कार्ड 'हाय एन्ड्युरन्स'च घ्या. कॅमेरा जुन्यावर नवं सतत लिहीत राहतो, साधं कार्ड त्यात लवकर मरतं. पार्किंग मोड हवा असेल तर व्होल्टेज कमी झाल्यावर आपोआप बंद होणारं हार्डवायर किट लागतं, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. कर्टन एअरबॅग असेल तर काचेच्या बाजूच्या खांबातली वायर एअरबॅगच्या मागूनच न्यायला सांगा, आणि समोर उभं राहून करून घ्या. बिल जपून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

धडक झाल्यावर धूर किंवा इंधनाची गळती नसेल तर इग्निशन लगेच बंद करू नका. कॅमेऱ्याचं लॉक बटण दाबा, क्लिप तिथल्या तिथे लावून मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढा, समोरच्याच्या देखत. टोलनाक्याच्या सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. तेही फुटेज पुसलं जातं.

मूळ कार्ड फॉरमॅट करू नका, पोलिसांनी घेतलं तर पावती घ्या. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागतंच. आता ती तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र लावण्यासारखी फाइलच उरली नव्हती. दुरुस्तीसाठी माझ्याच पॉलिसीवर क्लेम करावा लागला, नो क्लेम बोनस गेला, आणि रिव्हर्स टाकणाऱ्याने एक रुपयाही दिला नाही.