दाराबाहेरच्या चपला

हॉस्टेलच्या एखाद्या रूममध्ये कोण कोण जमलंय हे कळायला दार वाजवावं लागत नाही. बाहेरच्या चपला बघितल्या की पुरे! वेबवरही अगदी हेच चालतं. आपण नाव सांगत नाही, लॉगिन करत नाही, तरी प्रत्येक रिक्वेस्टबरोबर बारीकसारीक खुणा सर्व्हरच्या दारात जाऊन पडतात. त्या नुसत्या वाचून माणूस ओळखणं म्हणजे पॅसिव्ह फिंगरप्रिंटिंग. कोड चालवून तुमचे फाँट नि स्क्रीन तपासणं ही अ‍ॅक्टिव्ह पद्धत. ती निदान पकडता तरी येते. पॅसिव्ह पद्धतीत तुमच्या मशीनवर काहीच चालत नाही, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही.

"मग लागू दे ना! आपण काय चोर आहोत?" असं कोणी म्हणेल. तर समजा, कोणी हॉस्टेलसाठी रॅगिंगची निनावी तक्रारपेटी वेबवर टाकली. हॉस्टेलात २५६ मुलं. एकातून नेमका माणूस शोधायला ८ बिट माहिती लागते, कारण २ चा ८ वा घात २५६. आता १६ पैकी एकजण लिनक्सवर फायरफॉक्स वापरतो असं धरा : ४ बिट गेले. ८ पैकी एकाने ब्राउझरची पहिली भाषा मराठी ठेवलीय : आणखी ३. निम्म्यांकडे पानाची जुनी आवृत्ती साठून राहिलीय, म्हणून लायब्ररीही जुनी : १. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर बेरीज झाली ८. फर्स्ट इयरच्या त्या पोराने नाव न लिहिताही नाव सांगून टाकलं!

ही भीती नुसती कागदावरची नाही. २०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरच्या खुणा तपासल्या. त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. त्यात प्लगइन, फाँट यांच्या अ‍ॅक्टिव्ह तपासण्याही होत्या हे खरं, पण थेंबे थेंबे तळे कसं साचतं ते कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. यातल्या कितीतरी खुणा वापरणाऱ्याच्या नसतात. आपण प्रोग्रामर मंडळी त्या चिकटवतो. मिनी-प्रोजेक्टसाठी मी जावास्क्रिप्टची एक छोटी क्लायंट लायब्ररी लिहिली (पुस्तकांची नव्हे, कोडची!). ती लिहिताना पाळलेले नियम असे :

१) स्वतःची जाहिरात करायची नाही. लायब्ररीचं नाव, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम असं सगळं खास हेडरमध्ये भरून पाठवायची बऱ्याच लायब्रऱ्यांना हौस असते. नोडवर अ‍ॅक्सिओस यूजर-एजंटमध्ये आपली आवृत्ती घालते. सर्व्हरला खरंच गरज असेल, तर एपीआयची आवृत्ती पत्त्यातच लिहावी. ती सगळ्यांची सारखीच असते. यात एक फायदा फुकट : ब्राउझरमध्ये दुसऱ्या डोमेनला खास हेडर पाठवलं की आधी परवानगीची वेगळी रिक्वेस्ट जाते. हेडर नाही, तर बहुतेक साध्या रिक्वेस्टींची ही फेरीही वाचते.

२) फेच वापरताना क्रेडेन्शियल्स 'ओमिट' आणि रेफरर पॉलिसी 'नो-रेफरर' ठेवायची. क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये परक्या साइटला फक्त डोमेनचं नाव देण्याचा नियम लावला. पण आपल्याच साइटला पूर्ण पत्ता जातो. त्या पत्त्यात रूम नंबर असेल, तर संपलंच!

३) भाषेचं हेडर सगळ्यांसाठी एकच ठेवायचं. फेचमध्ये ते बदलता येतं. मजकूर मराठीत हवा असेल, तर तेवढ्याच रिक्वेस्टमध्ये तो मागावा. मराठी ब्राउझर वापरण्याची शिक्षा कोणाला होऊ नये.

४) ब्राउझरने लपवलेलं आपण उकरून काढायचं नाही. क्रोमने २०२२-२३ मध्ये यूजर-एजंटमधले नेमके तपशील छाटून टाकले. तेच तपशील जावास्क्रिप्टने विचारून पुन्हा हेडरमध्ये भरणं म्हणजे पुढच्या दाराने हाकललेल्याला मागच्या दाराने आत घेणं.

५) सोंग करायचं नाही. दर वेळी वेगळा यूजर-एजंट पाठवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण नोडवरून 'मी क्रोम आहे' म्हटलं तरी टीएलएसची पहिलीच ओळखपाळख खरं बोलते. एन्क्रिप्शनच्या कोणत्या पद्धती, कोणती एक्स्टेन्शन्स, कोणत्या क्रमाने, यावरून क्लायंट ओळखण्याची जेए३ नावाची पद्धत २०१७ पासून सगळ्यांना उपलब्ध आहे. एचटीटीपी-२ मध्येही क्रोम आणि फायरफॉक्स सुरुवातीची हेडरं वेगवेगळ्या क्रमाने पाठवतात. म्हणजे कपडे क्रोमचे आणि चाल नोडची! असा प्राणी गर्दीत आणखीच उठून दिसतो.

थोडक्यात, गर्दीत लपायचं तर गर्दीसारखंच दिसावं लागतं. वेगळेपणा कॉलेजच्या गॅदरिंगला ठेवा, हेडरमध्ये नको.

मात्र फुशारकी मारण्यात अर्थ नाही. आयपी पत्ता सर्व्हरला दिसतोच. टीएलएसची ओळख ब्राउझरमधल्या लायब्ररीच्या हातात नसते. म्हणून एवढं करून 'आमची तक्रारपेटी पूर्णपणे निनावी आहे' असं कोणी पानावर लिहीत असेल, तर त्याला हात जोडून थांबवा. त्यासाठी सर्व्हरवरचे लॉग बंद ठेवणारा प्रामाणिक माणूसही लागतो. लायब्ररीचं काम इतकंच, की आपल्याकडून एका बिटाचीही भर पडू नये.

तपासायचं कसं? सोपं आहे. आलेली हेडरं जशीच्या तशी छापणारा दहा ओळींचा सर्व्हर लिहा. मग दोन मित्रांच्या मशीनवरून तीच रिक्वेस्ट पाठवा आणि दोन्ही छापील यादी शेजारी शेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल, तिथे विचारा : हा ब्राउझरचा, की माझ्या कोडचा? आपला असेल तो फरक काढून टाका. तासाभराचं काम आहे. सबमिशनच्या आदल्या रात्रीही होतं!