बोडावर बसण्यापूर्वी

जिंजा, युगांडा

चि. निखिल यास,


कंपालात घर ठरलं, मुक्ताच्या शाळेचंही जमलं, हे ताईने कळवलं. एक गोष्ट मात्र तुला कंपनीवाले सांगायचे नाहीत. फार तर ‘बसू नका’ म्हणून मोकळे होतील. बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली.

गाडीच्या काचेतून सुरुवातीला सगळा वेडेपणाच वाटेल. सिग्नलला दोन्ही अंगांनी मोटरसायकली पुढे घुसतात. एकीवर मटोक्याचे, म्हणजे हिरव्या केळ्यांचे, घड, दुसरीवर गणवेशातली तीन पोरं, तिसरीवर गोमेसी हा इथला पायघोळ पोशाख घातलेली बाई, एका बाजूला पाय सोडून. (पुण्यात वाढलेल्या माणसाने याला बेशिस्त म्हणणं जरा विनोदीच.) गाड्याही ओळखीच्याच, बऱ्याचशा बजाज बॉक्सर.

पण चालवणाऱ्याचा हिशेब समजून घे. पुष्कळांची गाडी स्वतःची नसते. मालकाचं भाडं नाहीतर कर्जाचा हप्ता, वर पेट्रोल. हे सगळं सुटल्यावर उरेल ती कमाई. त्याला घाई असतेच. त्यात मागचाही ‘लवकर चल’ म्हणाला की झालं! कंपालाच्या मुलागो इस्पितळात हाडं मोडून येणाऱ्यांत बोडावरचे लोक फार. म्हणून घरून लवकर निघत जा आणि बसल्याबसल्या सांग, “सेबो, म्पोला म्पोला.” बाबा, हळूहळू. तो हसेल, पण बहुतेक ऐकेल. भाडं आधीच ठरव, पण आपल्या दहाबारा रुपयांसाठी, म्हणजे त्यांच्या पाचशे शिलिंगांसाठी, घासाघीस करू नकोस. ते पैसे तो पुढच्या फेरीत वेगातून वसूल करतो.

नाक्यानाक्यावर त्यांचा थांबा असतो, त्याला स्टेज म्हणतात. स्टेजला चेअरमन असतो. तिथलाच एखादा शांत माणूस हेरून ठेव आणि नेहमी त्यालाच बोलव. २०१४ पासून सेफबोडा ही अ‍ॅपवरून बोडा बोलवायची सेवाही आहे. त्यांच्याकडे प्रवाशालाही नारिंगी हेल्मेट मिळतं. रात्री मात्र मोटारच.

चढायचं डावीकडून. उजवीकडचा सायलेन्सर पोटरी भाजतो. फोन खिशात ठेव, हातातून ओढून नेतात.

स्वतः गाडी चालवताना दार उघडण्याआधी आरसा बघ. कुणाला धक्का लागलाच तर आसपासचे बोडावाले क्षणात गोळा होतात. तेव्हा चूक कुणाची हा वाद काढू नकोस, पडलेल्याला आधी बघ.

मुक्ताला बोडावर बसवायचं नाही. ‘वर्गातली मुलं येतात की’ म्हणेल. त्यांतल्या पुष्कळांच्या आईबापांना दुसरी सोय नाही, तुला आहे.

हेल्मेट पुण्याहूनच आण, आयएसआय मार्क बघून, तुझ्या मापाचं. पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो ना, ते दुकानातच पाहा. सामानात जागा करायला लोणच्याची बरणी काढावी लागली, तर ताईला माझं नाव सांग.

तुझा,
मामा