फोन तुमचा, सातबारा कोणाचा?

प्रश्न : मी लाखनीला राहतो. गेल्या महिन्यात रेडमी नोट ७ प्रो हा फोन सेकंड हँड घेतला. फोन चांगला आहे, पण अँड्रॉइड १० च्या पुढे जातच नाही. अपडेट तपासलं की 'तुमचा फोन अद्ययावत आहे' एवढंच येतं. इथला मोबाईलवाला म्हणतो, "रूट करून नवीन सॉफ्टवेअर मारून देतो, पाचशे रुपये लागतील." बारावीतला मुलगा म्हणतो, व्हिडिओ बघून घरीच करू. माझं यूपीआय याच फोनवर आहे, बँकेचं ॲपही आहे आणि खरिपात धानाची ई-पीक पाहणीसुद्धा यावरूनच करायची आहे. रूट करावा का? केला तर काय जपावं?
– एक वाचक, लाखनी (जि. भंडारा)

उत्तर : पाचशे रुपये खिशातच राहू द्या, निदान हे वाचून होईपर्यंत.

तुमच्या दुकानदाराच्या एका वाक्यात दोन वेगळी कामं आहेत. रूट करणं म्हणजे अपडेट करणं नव्हे. रूट केल्याने नवा अँड्रॉइड येत नाही. उलट रूट केलेल्या फोनवर कंपनीचं नेहमीचं अपडेट बहुधा बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवायला गेलं तर फोन लोगोवर अटकतो. कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर नवा अँड्रॉइड हवा असेल तर लागतो तो कस्टम रॉम, म्हणजे बाहेरच्या जाणकारांनी त्या मॉडेलसाठी तयार केलेला अँड्रॉइड. त्यासाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, कुलूप उघडावं लागतं. रूट करावाच लागतो असं नाही.

रूट हे नाव लिनक्समधून आलं. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये ज्याला सगळे अधिकार असतात त्या वापरकर्त्याचं नाव 'रूट', त्याचा क्रमांक शून्य. अँड्रॉइडने प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता मानून जणू स्वतंत्र बांधी आखून दिली आहे. मध्ये धुरे आहेत. व्हॉट्सॲपला बँकेच्या बांधीत उतरता येत नाही, टॉर्चच्या ॲपला व्हॉट्सॲपच्या. आणि गंमत म्हणजे रूटचा अधिकार तुम्हालाही दिलेला नाही. फोन तुमच्या नावावर, वहिवाट तुमची, पण 'इतर हक्क' या रकान्यात कंपनी बसलेली. रूट करणं म्हणजे तो बोजा उतरवणं. ऐकायला गोड वाटतं, पण बोजा उतरला की धुरेही जातात. रूटची परवानगी मिळालेलं ॲप कुणाच्याही बांधीत शिरू शकतं. पीएम किसानच्या नावाने किंवा आरटीओच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोट्या एपीके फायली फिरतात, त्या तुमच्याकडेही आल्या असतीलच. साध्या फोनवर त्यांना एकेक परवानगी मागत बसावं लागतं. रूट केलेल्या फोनवर एकदा चुकून 'होय' दाबलं की पुढे विचारणारं कुणी उरत नाही.

ही हौस मी केलेली आहे, त्यामुळे उपदेशाचा आव आणत नाही. त्या काळी कारणही रास्त होतं. अँड्रॉइड २.३ चे फोन आले तेव्हा त्यांतल्या पुष्कळांत मराठी दिसतच नसे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन, किंवा वेलांट्या भलत्याच बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली. आपल्यातले कित्येक जण ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन 'बिटमॅप फाँट' चालू करत आणि अक्षरांची चित्रं मागवून मराठी वाचत. ज्यांना एसएमएससुद्धा मराठीत वाचायचे होते ते फोन रूट करून सिस्टीमच्या फोल्डरमध्ये देवनागरी फाँट टाकत. मीही टाकला. फाइल बरोबर होती, तिच्या परवानग्या बरोबर लावल्या नव्हत्या. फोन बंद करून चालू केला तो लोगोवरच थांबला. अर्धा तास मी त्या चमकणाऱ्या लोगोकडे बघत बसलो होतो. दुकानदाराने नवं सॉफ्टवेअर मारून फोन जिवंत केला, पण आतले फोटो गेले. चूक सर्वस्वी माझी होती. अँड्रॉइड ४ नंतर देवनागरी फोनमध्येच आली आणि रूट करण्याचं आपलं सगळ्यांत मोठं कारण संपलं.

आज गणित उलटं आहे. फोन म्हणजे तुमचं पाकीट. यूपीआयची आणि बँकांची ॲपं सुरू होताना फोनची झडती घेतात : रूट आहे का, बूटलोडर उघडा आहे का, मूळ सॉफ्टवेअर शाबूत आहे का. गुगलची पूर्वीची तपासणी सेफ्टीनेट या नावाने चाले, आता तिच्या जागी प्ले इंटेग्रिटी आहे आणि ती दिवसेंदिवस कडक होते आहे. मॅजिस्कसारखं साधन वापरून रूट लपवता येतो हे खरं. जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये ते आणलं. मूळ सिस्टीमला हात न लावता रूट देणं ही त्याची करामत. पण हा लपंडाव आहे. आज चाललेलं ॲप पुढच्या मंगळवारी चालेलच असं नाही, आणि नेमकं कृषी केंद्रात बियाण्याचे पैसे देताना 'हा फोन सुरक्षित नाही' अशी पाटी आली तर त्या पाटीशी हुज्जत घालता येत नाही. नुसता बूटलोडर उघडून कस्टम रॉम टाकला, रूट केलाच नाही, तरी काही ॲपं नकार देतात. म्हणून माझं उत्तर सरळ आहे : ज्या सिमवर बँकेचा ओटीपी येतो ते सिम ज्या फोनमध्ये आहे, तो फोन रूट करू नका.

आता तुम्ही न विचारलेलं, पण त्याहून महत्त्वाचं. सेकंड हँड फोनचा आधीचा मालक काय करून गेला आहे, हे बघितलंत का?

फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिले दहा सेकंद पडद्यावरून नजर हलवू नका. रेडमीमध्ये लोगोपाशी उघड्या कुलपाचं चिन्ह किंवा 'अनलॉक्ड' हा शब्द दिसला, तर बूटलोडर आधीच उघडलेला आहे. मीडियाटेकच्या कित्येक फोनांवर 'ऑरेंज स्टेट' अशी ओळ येते आणि या फोनचा भरवसा नाही, पाच सेकंदांत सुरू होईल, असं तो स्वतःच सांगतो. विकणारे अनेकदा फोन चालू स्थितीतच हातात देतात, त्यामुळे ही ओळ गिऱ्हाइकाला दिसतच नाही. सॅमसंगच्या फोनांत तर आतला एक इवलासा फ्यूजच उडतो. परकं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा-व्यवस्थेचा आकडा शून्याचा एक होतो, तो पुन्हा शून्य होत नाही, आणि सिक्युअर फोल्डर कायमचं जातं.

दुसरं, खातं. अँड्रॉइड ५.१ पासून रिसेट केलेला फोन जुन्या मालकाचा गुगल पासवर्ड मागू शकतो. रेडमीत भरीला एमआय खात्याचंही कुलूप असतं. दोन्ही खाती आधीच्या मालकाकडून काढून घ्या, मग सेटिंगमधूनच फॅक्टरी रिसेट करा. आधीच्या मालकाने काय काय टाकून ठेवलं आहे ते शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

तिसरं, आयएमईआय. *#०६# दाबा, पंधरा आकडे येतील. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून ते पंधरा आकडे, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. संचार साथीच्या पोर्टलवरही हे बघता येतं. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'आधीच वापरात' असं आलं, तर फोन ज्याच्याकडून घेतला त्याच्या हातात परत द्या. फ्लॅशिंग, म्हणजे सॉफ्टवेअर मारणं, बिघडलं की कधी कधी आयएमईआयच पुसला जातो, फोनला नेटवर्क येत नाही, आणि मग 'दुसरा नंबर टाकून देतो' असं सांगणारे भेटतात. तिथून उठून या. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

'तुमचा फोन अद्ययावत आहे' हे वाक्य सरकारी उत्तरासारखं आहे : खोटं नाही, उपयोगाचंही नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने पाठवलेलं सगळं तुमच्याकडे पोचलं आहे. हा फोन २०१९ मध्ये अँड्रॉइड ९ घेऊन आला, १० वर गेला आणि कंपनीने तिथे हात झटकले. खरी तारीख बघायची तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मधली सुरक्षा पॅचची ओळ वाचा. तिथे जो महिना लिहिला असेल त्यानंतर सापडलेली सिस्टीममधली भोकं तुमच्या फोनमध्ये बहुधा उघडीच आहेत. रूट न करता जे जमतं ते मात्र करा. क्रोम, अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू आणि गुगल प्ले सर्व्हिसेस ही तीन प्ले स्टोअरवरून ताजी ठेवा, कारण बाहेरून येणारा बराच धोका वेब पानांतूनच येतो. प्ले प्रोटेक्ट चालू असू द्या. 'अज्ञात स्रोतां'तून ॲप बसवण्याची परवानगी सगळ्यांची काढून घ्या, व्हॉट्सॲपचीसुद्धा. फोन मंद वाटत असेल तर आधी साठवणीची जागा मोकळी करा. गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो हा माझ्या मते अँड्रॉइडचा सगळ्यांत जुना व्हायरस आहे. आणि पाठीमागचं झाकण उचललेलं दिसलं तर सॉफ्टवेअरचा विचार सोडून आधी बॅटरी बदला. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका.

यातून पुढच्या खरिपापर्यंत काम निभेल. पण बँकेच्या कामासाठी, झेपलं की, अजून सुरक्षा पॅच मिळत असलेला साधा फोन बघा. सेकंड हँड घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी पॅचचा महिना विचारा.

राहिला तुमचा मुलगा. त्याला नाही म्हणू नका. नवा फोन आला की हाच त्याच्या हाती द्या : सिम काढून, तुमची खाती काढून. मग त्याने काय करायचं तेही सांगतो. एका क्लिकात रूट करून देणारी ॲपं त्याने वापरू नयेत. तसलं ॲप चालतं ते फोनमधल्या एखाद्या सुरक्षेच्या भोकातून शिरूनच, आणि शिरताना आणखी काय आत नेतं ते कळत नाही. रीतसर वाट लांब आहे. डेव्हलपर ऑप्शन उघडून ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, फोन एमआय खात्याला जोडायचा आणि कंपनीच्या अनलॉक साधनाची प्रतीक्षा पाळायची. ही मुदत सहसा १६८ तासांची, म्हणजे सात दिवसांची असते. कुलूप उघडताच फोनमधलं सगळं पुसलं जातं. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली योजना आहे, म्हणजे चोराला कुलूप उघडून तुमचे फोटो बघता येऊ नयेत.

सगळ्यांत जास्त फोन मरतात ते चुकीच्या फायलीने. तुमच्या फोनचं सांकेतिक नाव 'व्हायोलेट' आहे. नुसत्या नोट ७ चं आणि नोट ७ एसचं 'लॅव्हेंडर'. दोन्ही जांभळेच, पण आतले प्रोसेसर वेगळे : प्रोमध्ये स्नॅपड्रॅगन ६७५, दुसऱ्या दोहोंत ६६०. लॅव्हेंडरची फाइल व्हायोलेटवर मारली की फोनची वीट होते. म्हणून मुलाला आधी सांकेतिक नाव वहीत लिहायला लावा आणि लिनिएजओएससारख्या नावाजलेल्या रॉमच्या यादीत नेमकं तेच नाव आहे का ते बघायला सांगा. सायनोजेनमॉड हा जुना कस्टम रॉम २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर त्याच मंडळींतून लिनिएज उभं राहिलं, आणि प्रत्येक मॉडेलची कृती ते पायरी-पायरीने लिहून ठेवतात. मॉडेल त्या यादीत नसेल तर तिथेच थांबावं. कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवरची फाइल घेऊ नये.

फोन साठ टक्क्यांच्या वर चार्ज हवा. काम लॅपटॉपवरच करा, डेस्कटॉपवर नको. रोवणीच्या दिवसांत दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि फाइल अर्धी लिहून झालेली असताना ती गेली तर परत आल्यावर फोन चालू होईलच असं नाही. शिवाय केबल डेटाची आहे ना, ते आधी एक फोटो लॅपटॉपवर पाठवून बघा. स्वस्त चार्जरसोबत येणाऱ्या काही वायरींत नुसती विजेचीच तार असते. लॅपटॉपला फोन का दिसत नाही म्हणून ड्रायव्हर काढून-टाकून माझी अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि दोष त्या चाळीस रुपयांच्या वायरीत होता.