बालवाडीची ताई व्हायचं म्हणतेस?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक बैठक बसते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.कॉम., स्पर्धा परीक्षा अशी नावं फिरतात. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला लहान मुलांना शिकवायचंय." वडील चष्मा पुसायला घेतात. आई म्हणते, "ते काय गं, लग्नानंतरही करता येतं." आणि विषय तिथंच मिटतो.

आईच्या बोलण्यात वाईट हेतू नसतो, पण या व्यवसायाचं दुखणं नेमकं तिथंच आहे. हे काम कुणालाही, कधीही, काही न शिकता जमतं असं आपण धरून चालतो. ज्या कामाला कौशल्य लागत नाही असं लोक मानतात, त्याला पैसेही तसेच मिळतात. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत: हे काम अवघड आणि मोलाचं आहे, आणि त्याचा मोबदला आजही अपुरा आहे. यातली एकच बाजू सांगणारा सल्लागार भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

बोलणं चाललंय ते गावातल्या आणि वस्तीतल्या बालशिक्षणाबद्दल. सरकारी अंगणवाडी, महापालिकेच्या किंवा संस्थांच्या बालवाड्या, बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी चालणारी केंद्रं. भिंतींवर कार्टून रंगवलेल्या, व्हॅनने मुलं आणणाऱ्या नर्सऱ्या हा वेगळा बाजार आहे, त्याचे नियमही वेगळे.

या कामाची घडण बऱ्याच अंशी महाराष्ट्रात झाली. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आजच्या पालघरच्या) बोर्डीला आल्या. गरिबांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वाडीत, त्यांच्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडला पोरं गुरांमागे जातात म्हटल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. मूल येत नसेल तर आपण मुलाकडे जायचं, हा बोर्डीचा धडा या नोकरीत आजही रोज गिरवावा लागतो. सकाळी दहा घरांच्या दारात उभं राहून "चल रे बाळा" म्हणणं हासुद्धा कामाचाच भाग आहे.

आता वर्गात डोकावू. एकच खोली, वीस-पंचवीस मुलं, वय तीन ते सहा. तीन वर्षांचं मूल अजून आईसाठी रडतंय आणि साडेपाच वर्षांची मुलगी पुढच्या जूनमध्ये पहिलीला जाणार आहे. दोघांना एकाच वेळी गुंतवून ठेवायचं. ताई मधोमध चिंचोके, मणी, शंख आणि बाटल्यांची झाकणं ओतते. धाकट्यांनी मुठीत घेऊन ओतायचं, पुन्हा भरायचं. मधल्यांनी सारखं-सारखं वेगळं काढायचं. मोठ्यांनी पाच-पाचचे ढीग करून कुठला ढीग मोठा ते सांगायचं. बाहेरून बघणाऱ्याला पोरं खेळताना दिसतात. ताईच्या डोक्यात मात्र हिशेब चालू असतो: कुणाला रंग वेगळे काढता येतात, कोण अजून मुठीनेच खडू धरतो, कोण आठवडाभर एक शब्द बोललेलं नाही, कोणाला मागून हाक मारली तर ऐकू येत नसावं. शेवटच्या दोन गोष्टी वेळेवर लक्षात आल्या, तर एखाद्या मुलाची पुढची दहा वर्षं बदलतात.

गोष्ट सांगणं हा तर स्वतंत्र विषय आहे. पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवणं आणि मुलांना मध्येच थांबवून "आता काय होईल?" विचारणं यात फार अंतर आहे. त्यातही भाषेचा प्रश्न. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, नंदुरबारच्या धडगावातलं पावरी, डहाणू-तलासरीतलं वारली. त्या मुलाला पहिल्या दिवशी प्रमाण मराठीत सूचना दिल्या तर ते मुकं होतं, आणि आपण त्याच्यावर 'मंद' असा शिक्का मारून मोकळे होतो. त्याच पाड्यावरची, त्याच भाषेत हाक मारणारी ताई इथं शहरातल्या पदवीधर बाईपेक्षा सरस ठरते. गावातल्या मुलींनी हे आपलं भांडवल ओळखावं. ते कुठल्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही.

मुलांपेक्षा अवघड असतात मोठी माणसं. नव्या ताईला हे कुणी आधी सांगत नाही. चार महिने झाले की एक आई येते आणि म्हणते, "अजून एबीसीडी लिहीत नाही. शेजारचा नर्सरीत जातो, तो शंभरपर्यंत म्हणतो." चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल पेलण्याचं बळ अजून यायचं असतं. ते मातीत, मण्यांत, कागद फाडण्या-चिकटवण्यात येतं, हे तिला पटवायचं. तेही तिला अडाणी न ठरवता. ही आई दिवसभर धुणीभांडी करून, पोटाला चिमटा घेऊन मुलाला नर्सरीत घालायचा विचार करत असते. तिची काळजी खोटी नसते, उपाय तेवढा चुकीचा असतो. उत्तम ताया अशा वेळी भाषण देत नाहीत. त्या आईला सकाळी अर्धा तास वर्गात बसवतात आणि मूल काय करतंय ते शेजारी बसून दाखवतात. संवादाचं हे कसब ज्या मुलीत आहे, तिला या क्षेत्रात मागणी कायम राहील असं माझं मत आहे.

अंगणवाडी सेविकेचं काम शिकवण्यावर संपत नाही. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. म्हणजे मुलांची वजनं-उंची घ्यायची, गरोदर मातांची नोंद ठेवायची, घरी न्यायचा आहार वाटायचा आणि हे सगळं पोषण ट्रॅकर या ॲपवर भरायचं. रेंज नसलेल्या पाड्यावर हे ॲप काय करतं, ते एखाद्या सेविकेलाच विचारा. ज्यांना फक्त गाणी-गोष्टी-खेळ यांतच रमायचं आहे त्यांना ही नोकरी जाच वाटेल. त्यांनी संस्थांच्या बालवाड्यांचा रस्ता धरावा.

असे रस्ते महाराष्ट्रात बरेच आहेत. अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ग्राममंगल डहाणू परिसरात आणि बाहेरही बालशिक्षणाचं आणि शिक्षक घडवण्याचं काम करते. मुंबईत १९७२ पासून मोबाइल क्रेशेस बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी केंद्रं चालवते. डोअर स्टेप स्कूलचं काम १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात उभं राहिलं. 'प्रथम'ची सुरुवातच नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून झाली. वस्तीतलीच शिकलेली मुलगी शिक्षिका आणि जागा मिळेल ती: कुणाचं घर, देवळाचा ओटा, मंडळाचं कार्यालय. अशा संस्थांत प्रशिक्षण चांगलं मिळतं, बोलायला-विचारायला ज्येष्ठ माणसं मिळतात. उणी बाजू ही की बरंच काम देणगीवर चालतं. प्रकल्प तीन वर्षांचा असला तर नोकरीही तीन वर्षांची असू शकते. मुलाखतीला गेल्यावर "पैसा किती वर्षांसाठी आलाय?" हे विचारायला लाजू नये.

पैशाचं स्पष्ट बोलू, कारण पालकांना खरं ते ऐकायचं असतं. ऑक्टोबर २०२४ च्या वाढीनंतर महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकेचं मानधन महिना १३ हजार रुपये आणि मदतनीसाचं साडेसात हजार रुपये झालं, वर कामगिरीवर मिळणारा प्रोत्साहन भत्ता. ही वाढही सहज पदरात पडली नाही. डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. मानधन म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतनश्रेणी मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, हा एक मोठा टप्पा. पण घरातली एकमेव कमावती म्हणून, अठराव्या वर्षापासून, या रकमेवर पुण्या-मुंबईत संसार उभा राहणार नाही. गावात स्वतःचं घर, थोडी शेती आणि हे मानधन असा मेळ बसतो. तो बसतो का, हे आधी कागदावर मांडून बघा. नाही बसला तर मुलीचं मन मोडण्याऐवजी तिला आधी पदवीपर्यंत शिकू द्या. पदवीने या क्षेत्राची दारं बंद होत नाहीत, उलट वरची उघडतात.

आता शिक्षणाचं. सेविकेच्या नेमणुकीसाठी महाराष्ट्रात किमान बारावी उत्तीर्ण लागतं, वय साधारण १८ ते ३५, आणि उमेदवार त्याच गावची किंवा प्रभागातली रहिवासी असावी लागते. निवड गुणांवर होते. पदवी, डी.एड., बी.एड., एमएससीआयटी यांचे जादा गुण मिळतात. पद महिलांसाठीच आहे. (मुलांनी हिरमुसायचं कारण नाही. संस्थांमध्ये प्रशिक्षक, साहित्यनिर्माते म्हणून पुरुष काम करतात, आणि बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई मूळचे वकील होते.)

बारावीनंतर दोन वर्षांचा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून केला, तर तो पुढे बऱ्याच ठिकाणी चालतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यालयांत सुरू झालेल्या बालवाटिकांच्या कंत्राटी जागांसाठीही अशीच पात्रता मागतात. घरी बसून करायचं तर इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे. पदवीला मानवी विकास किंवा मानसशास्त्र घेता येतं. गल्लीबोळांतल्या 'तीन महिन्यांत माँटेसरी टीचर' छाप पाट्यांबद्दल एवढंच म्हणेन: फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा. दाखवायला खळखळ करत असतील तर चहा पिऊन परत या.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे या वयाकडे सरकारचं लक्ष वळलं. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र प्रशिक्षण त्यात सुचवलं आहे. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' ही मोहीम आली. २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हा ४८ आठवड्यांच्या कृतींचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. कागदावरचं सगळं वर्गात उतरतं असं नाही, पण प्रशिक्षित माणसांची गरज वाढणार एवढं यातून दिसतं.

बढतीची वाटही आहे, फक्त ती फार कुणाला माहीत नसते. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनीसांमधून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षांचा अनुभव असलेल्या सेविकांमधून, इतर अटी पूर्ण होत असतील तर, भरायच्या आहेत. पर्यवेक्षिका, म्हणजे आपल्याकडची मुख्यसेविका, हे नियमित वेतनाचं पद आहे आणि त्याला पदवी लागते. म्हणून बारावीवर सेविका झालेल्या मुलीने मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायचीच, हे पहिल्या दिवशी ठरवून टाकावं.

ज्या मुलीला 'लहान मुलं किती गोड असतात!' एवढंच वाटतं तिने या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. गोड मूल दहा वाजता चावतं, अकरा वाजता चड्डीत शी करतं आणि साडेअकराला त्याची आजी भांडायला येते. त्याही दिवशी दुसऱ्या दिवसाचे चिंचोके निवडून ठेवायची इच्छा होते का, ते बघायचं. निर्णय घेण्याआधी सुट्टीत पंधरा दिवस जवळच्या अंगणवाडीत किंवा संस्थेच्या बालवाडीत परवानगी घेऊन बसा. सेविकेला हातभार हवाच असतो, सहसा कोणी नाही म्हणत नाही. पालकांनीही एक सकाळ तिथं काढावी.

आणि एक सावधगिरी. सेविका-मदतनीस भरतीची जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयातून निघते आणि निवड गुणवत्ता यादीने होते. "साहेब ओळखीचे आहेत, जागा पक्की करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. यादीत नाव का आलं नाही, याबद्दल ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या.