परसांतील ठेंगणा सप्ताळू

सप्ताळू, ज्यास बाजारांत आतां पीच म्हणतात, त्याचें ठेंगणें झाड घरच्या परसांत असावें असें पुष्कळांच्या मनांत येतें. पांच-सहा फुटांचें झाड, गुलाबी फुलोरा आणि हाताशीं येणारीं फळें, हें वर्णन मोहक आहे खरें. परंतु झाड ठेंगणें राहण्याचे मार्ग दोन आहेत, आणि अर्ध्या गुंठ्याच्या धन्यानें त्यांतला कोणता पत्करावा हें पैसे मोजण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे.

कांहीं जाती जन्मतःच ठेंगण्या असतात. त्यांच्या फांदीवरील पेरें फार आखूड, म्हणून पानें एकावर एक दाटलेलीं दिसतात. अमेरिकेंतील 'बोनान्झा' ही त्यांपैकीं प्रसिद्ध जात. ती मोठ्या कुंडींतही नांदते. दुसरा मार्ग म्हणजे साधें कलम घेऊन तें दरवर्षीं छाटून आटोक्यांत ठेवणें. दख्खनच्या वाचकांपुरतें आमचें मत दुसऱ्या मार्गाकडे झुकतें, व त्याचें कारण थंडी.

सप्ताळू हिंवाळ्यांत पानें गाळून झोपीं जातो, आणि ठराविक तास थंडी मिळाल्यावांचून नीट जागा होत नाहीं. सुमारें ७ अंश सेंटिग्रेडखालील तास ह्या हिशेबांत धरण्याची रीत आहे. थंड देशांतील अनेक जातींस ६०० ते १,००० तास लागतात; बोनान्झास सुमारें २५०. पुण्याचें जानेवारींतील सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असतें, म्हणजे जमेची बाजू फारच लंगडी. थंडी अपुरी पडली तरी झाड मरत नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच. तें उशिरां व अर्धवट पालवतें, कळ्या गळतात, शेंड्याला पानांचा झुपका येऊन खालची फांदी बोडकी राहते. धनी खताच्या पाट्या ओततो. पण खतानें ही तूट भरून निघत नाहीं.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या 'फ्लोर्डाप्रिन्स' जातीस सुमारें १५० तास पुरतात. पंजाबच्या मैदानांत ती रुळली असून तेथें एप्रिलांत पिकते. तिचें झाड मात्र ठेंगणें नव्हे. निफाडसारख्या कडक थंडीच्या पट्ट्यांत तिची आशा अधिक. पुण्यास तिचा प्रयोगच समजावा व एकच झाड लावावें. परागासाठीं जोडीदाराची गरज नसते. कोंकणांत ह्या भानगडींत पडूं नये.

आतां छाटणी. सप्ताळूस फळ येतें तें गेल्या वर्षीं वाढलेल्या काडीवरच. एकदां फळलेली काडी त्या जागीं पुन्हां फळत नाहीं. म्हणून आंब्या-चिकूप्रमाणें हें झाड मोकळें सोडल्यास फळ दरसाल वर वर सरकतें व खालीं नुसतें लांकूड उरतें. लावतांना कलम दोन फुटांवर छाटावें, तीन-चार फांद्या चहूंकडे राखाव्या, आणि मधला भाग वाटीसारखा उघडा ठेवावा. पुढें दर हिंवाळ्यांत, पानें गळल्यावर व कळ्या फुगण्यापूर्वीं, फळून गेलेल्या काड्या बुडाजवळील नव्या फुटव्यापर्यंत कापाव्या आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नव्या काड्या राखाव्या. काडीवर पुष्कळदां तीन डोळे शेजारींशेजारीं असतात. मधला टोकदार डोळा पानांचा, बाजूचे दोन गुबगुबीत डोळे फुलांचे. हें ओळखतां आलें म्हणजे कात्री चुकत नाहीं. शेंडा हात पोंचेल इतकाच, सात फुटांच्या आंत, ठेवावा. नवख्यास ही कापाकाप निर्दय वाटते, घरची मंडळीही हळहळतात. त्यांची समजूत घालावी, पण कात्री थांबवूं नये.

फळें बोराएवढीं झालीं कीं सहा-सहा इंचांवर एकेक राखून बाकीचीं खुडावीं. एका फळास तीस-चाळीस पानांची कमाई लागते. सर्वच राखलीं तर सर्वच खुजीं व आंबट निघतात, शिवाय फांदी मोडते ती वेगळीच.

चिकण काळ्या मातींत पाणी तुंबून मुळ्या कुजतात. तेथें दीड फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर झाड लावावें. जमीन चुनखडीची असल्यास झाडास लोह मिळत नाहीं, व शिरा हिरव्या राहून पान पिवळें पडतें. अशा जागीं हें झाड नकोच. पालवी फुटतांच मावा पानें मुरडतो, त्याकडे लक्ष असावें. फळमाशीसाठीं मिथाइल युजेनॉलचा सापळा फळें रंगण्यापूर्वींच टांगावा. त्यांत केवळ नर सांपडतात, म्हणून गळलेलीं किडकीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं. उकिरड्यावर टाकूं नयेत.