खाणीतील दार राखणारी मुले

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात यंत्रयुग भरात आले होते. गिरण्या, आगगाड्या व आगबोटी वाफेवर चालत आणि वाफेसाठी दगडी कोळसा लागे. हा कोळसा भूमीच्या पोटातून काढला जाई. काही खाणींतील बोगदे इतके ठेंगणे असत, की मोठ्या माणसाला त्यांतून धड चालताही येत नसे. अशा ठिकाणी मुलांना कामाला जुंपीत. कमरेला पट्टा व पट्ट्याला साखळी अडकवून ती कोळशाच्या गाड्या रांगत ओढीत.

त्यांहूनही लहान मुलांकडे दारे राखण्याचे काम असे. खाणीत घातक वायू साचू नयेत म्हणून हवा ठराविक मार्गाने खेळती ठेवावी लागे. त्यासाठी बोगद्यांत लाकडी दारे बसविलेली असत. गाडी आली की दार उघडावयाचे, ती गेली की मिटू द्यावयाचे. काम सोपे खरे. पण ते बारा-बारा तास काळोखात एकट्याने बसून करावे लागे!

४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशायर परगण्यातील हस्कर खाणीवर मुसळधार पाऊस कोसळला. कामगारांना वर आणणारे यंत्र बंद पडले, तेव्हा काही मुले दुसऱ्या, उताराच्या वाटेने बाहेर निघाली. इतक्यात जवळचा ओढा फुगून त्या वाटेत शिरला. लोंढ्याने मुलांना मागे लोटून अशाच एका दारावर नेऊन आपटले. २६ मुले बुडून मेली. त्यांतील सर्वांत लहान मुले अवघी सात वर्षांची होती.

१८४० साली सरकारने चौकशी मंडळ नेमले. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी मुलांनाच प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे लिहून घेतली. दार राखणाऱ्या आठ वर्षांच्या सेरा गूडरने सांगितले, की आपण पहाटे चारच्या सुमारास खाणीत उतरतो व सायंकाळी पाचनंतर बाहेर येतो. जवळ उजेड असला तर कधी कधी गातो, अंधारात मात्र गात नाही.

१८४२ साली हा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला आणि लोक हळहळले. लॉर्ड ॲश्ले यांनी पार्लमेंटात विधेयक मांडले. तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. खाणमालकांच्या विरोधामुळे ही मर्यादा दहा वर्षांवर आली. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने सर्व स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत काम करण्यास बंदी झाली.

दहा वर्षांचा मुलगा त्यानंतरही काळोखात उतरतच राहिला. परंतु सेरासारख्या मुलींना आता तेथे बसावे लागणार नव्हते. जिला अंधारात गाण्याचा धीर होत नव्हता, तिचे बोलणे अखेर देशाने ऐकले होते.